जेवढं भांडं, तेवढा मासा

डोंबिवलीत स्टेशनपासून थोडं आत माशांचं एक दुकान आहे. फिल्टरचा स्पंज संपला होता म्हणून मी तिथे गेले होते. पावसाळ्याचे दिवस, त्यामुळे आत शिरताक्षणी चष्म्यावर वाफ धरली आणि मग तो ओळखीचा वास आला. ओलं शेवाळ, सुक्या खाद्याची पूड आणि तापलेल्या ट्यूबलाइटा, असा सगळा मिळून झालेला. भिंतभर काचेच्या टाक्या, सगळ्यांना एकाच कॉम्प्रेसरमधून गेलेल्या बारीक नळ्या आणि त्यांची न थांबणारी बुडबुड. काउंटरपाशी एक गृहस्थ आणि त्यांची सात-आठ वर्षांची मुलगी उभी होती. मुलीने दोन्ही हातांनी फुगीर काचेचं एक भांडं छातीशी धरलं होतं. दुकानात काम करणारा मुलगा जाळीने दोन गोल्डफिश उचलून पिशवीत सोडत होता आणि सोडता सोडता सांगत होता, “आठवड्याला सगळं पाणी बदलायचं. खडे काढून स्वच्छ धुवायचे. साबण नाही लावायचा. फिल्टरबिल्टर याला काही लागत नाही.” मुलीने विचारलं, “हे केवढे मोठे होतात?” तो म्हणाला, “जेवढं भांडं, तेवढा मासा. भांडं छोटं असलं की तो छोटाच राहतो.” मुलगी क्षणभर भांड्यात बघत राहिली आणि म्हणाली, “पण त्याला कसं कळतं, भांडं केवढं आहे ते?” “कळतं त्याला,” मुलगा म्हणाला, आणि पिशवीला रबर बांधलं.

मी त्या गृहस्थांना म्हटलं, की गोल्डफिश बराच वाढतो, साधा असेल तर फूटभरसुद्धा होतो, त्याला भांडं पुरणार नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “हो का?” म्हणाले, दुकानातल्या मुलाकडे बघितलं, मुलाने मान हलवली, आणि ते पैसे देऊन गेले. त्यांचं तरी काय चुकलं? एका बाजूला रोज शेकडो मासे हाताळणारा माणूस, दुसऱ्या बाजूला स्पंज घ्यायला आलेली कुणी बाई. कुणीही दुकानावरच विश्वास ठेवेल. पण त्या मुलीचा प्रश्न माझ्याबरोबर घरी आला आणि बरेच दिवस गेला नाही.

त्याला कसं कळतं?

कळत नाहीच. भांड्यात मासा वाढत नाही, कारण तिथे तो आजारी असतो. स्वतःच्याच घाणीत राहतो, प्राणवायू कमी मिळतो, पोहायला जागा नसते, आणि बहुतेकदा वाढायची वेळ येण्याआधीच मरतो. आपण मात्र त्याचं बारीक राहणं हा त्याचा समजूतदारपणा समजतो. गोल्डफिश नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. इंग्लंडमधला टिश नावाचा गोल्डफिश एका मुलाने १९५६ साली जत्रेत बक्षीस म्हणून जिंकला होता, तो १९९९ साली मेला. त्रेचाळीस वर्षं. आपल्याकडे गोल्डफिशचं आयुष्य विचारलं तर लोक “असेल दोन-तीन महिने” असं सांगतात, आणि ते खोटं बोलत नसतात. त्यांच्या घरात तो तेवढाच जगलेला असतो, शेजाऱ्यांच्या घरातही तेवढाच. एका अख्ख्या जीवाचं आयुर्मान आपण असं भांड्यावरून ठरवून टाकलं आहे.

माशाच्या अंगातला अमोनिया बराचसा कल्ल्यांतून थेट पाण्यात उतरतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. पाणी स्वच्छ दिसत असतं, काच चकचकीत असते, आणि तरी ते पाणी माशाचे कल्ले जाळत असतं. नदीत किंवा तळ्यात हा अमोनिया जिवाणू खातात. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट माशाला थोड्या प्रमाणात चालतं, वनस्पती ते वापरतात, अधूनमधून थोडं पाणी बदललं की ते कमी होतं. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते चिकटून राहतात: स्पंजावर, खड्यांवर, काचेवर. नव्या टाकीत ते पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे जातात. या मधल्या काळात टाकीत मासे असले तर ते आधी अमोनियाच्या आणि मग नायट्राइटच्या तडाख्यात सापडतात. नायट्राइट रक्तात गेलं की रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, त्याचा रंगच तपकिरी होतो. बाजारात पापलेट घेताना कल्ला उचलून लाल आहे की नाही ते बघितल्याशिवाय पैसे न देणारी माणसं आपण. पण दिवाणखान्यातल्या माशाचे कल्ले तपकिरी पडत चाललेत हे आपल्याला दिसत नाही.

आता त्या मुलाचा सल्ला पुन्हा ऐका. दर आठवड्याला सगळं पाणी बदला, खडे धुवा. म्हणजे सात दिवसांत जे काही जिवाणू कसेबसे धरले असतील ते नळाखाली धुऊन टाका आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा. दर रविवारी नवी टाकी. मासा कधीच त्या पहिल्या वाईट महिन्यातून बाहेर येत नाही. यातली सर्वांत फसवी गोष्ट अशी, की हा सल्ला लागू पडल्यासारखा दिसतो. शनिवारी मासा पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करायला लागतो, घरातले घाबरतात, सगळं पाणी ओतून ताजं भरतात, आणि मासा तासाभरात तरतरीत होतो. होणारच, विष निघून गेलेलं असतं. घरातल्यांना वाटतं, बघा, दुकानदार म्हणाला ते बरोबर होतं, पाणी बदलायलाच हवं होतं. पुढच्या वेळी ते पाचव्या दिवशी बदलतात, मग तिसऱ्या. मासा दर वेळी थोडा अधिक खचलेला असतो. एके दिवशी पाणी बदलूनही तो सावरत नाही, आणि तेव्हा सगळे म्हणतात की आपण इतकं केलं त्याच्यासाठी, नशिबात नव्हतं. ज्या घरात माशाची सर्वांत जास्त काळजी घेतली जाते तिथेच तो लवकर मरतो. हे मला फार लागतं. दुर्लक्षाने मेलेल्या जनावराचं दुःख एक असतं, पण लहान मुलीने दर रविवारी आठवणीने, बाह्या वर करून खडे धुतले आणि त्यानेच मासा मेला, याला काय म्हणायचं?

माझ्या आजोळी संगमेश्वराजवळ विहिरीला लागून सिमेंटचा एक हौद होता. त्यात गप्पी मासे होते. शाळेच्या भिंतीवर, आरोग्य केंद्राच्या भिंतीवर, एसटी थांब्याच्या मागे गेरूने रंगवलेलं असायचं, “गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा.” मासे पाळण्याबद्दल मराठी माणसाला मिळालेला पहिला सल्ला बहुधा हाच. आजोबांनी ते मासे आरोग्य केंद्रातून डब्यात आणले होते. त्या हौदाला ना पंप होता ना फिल्टर. कुणी त्यांना खायलाही घालत नसे, डासांच्या अळ्या आणि भिंतीवरचं शेवाळ हेच त्यांचं जेवण. आम्ही पोरं दुपारी हौदाच्या कठड्यावर पोट टेकून पालथी पडायचो, तापलेलं सिमेंट चटके द्यायचं, आणि नाकापासून वीतभर अंतरावर ती इवली इवली पिल्लं शेवाळातून सुळकन निघायची. कितीतरी पिढ्या झाल्या असतील त्यांच्या. हौद धुवायची वेळ आली की आजी गड्याला बजावायची, “निम्मं पाणी राहू दे हो. भिंती खरवडू नको, मासे मरतात.” तिला जिवाणू माहीत नव्हते. पण एखाद्या वर्षी कुणीतरी हौद लख्ख घासला असणार आणि दुसऱ्या दिवशी पांढरी पोटं वर आलेली तिने पाहिली असणार. तो हौद तिच्या स्वयंपाकघराच्या दारातून दिसायचा. ती त्या माशांबरोबर राहत होती.

हौदात भरपूर पाणी होतं, मासे इवलेसे होते, धुण्याभांड्यासाठी रोज थोडं पाणी काढलं जायचं आणि रोज थोडं नवं पडायचं, भिंती बुळबुळीत होत्या. जाणकार मंडळी आज जे सांगतात ते सगळं तिथे आपोआप होत होतं. बुळबुळीतपणाचं महत्त्व समजायला मला पुढे बरीच वर्षं लागली. शहरातल्या घरात बुळबुळीत म्हणजे अस्वच्छ, आणि अस्वच्छ म्हणजे घासून काढायचं.

पाळीव मासे म्हणून मी पहिल्यांदा जे पाहिले ते मात्र तारापोरवाला मत्स्यालयात. मरीन ड्राइव्हवरचं, १९५१ साली सुरू झालेलं. सुट्टीत मुंबईला गेलो की मामा न्यायचा. अंधाऱ्या खोल्या आणि भिंतीत बसवलेल्या उजळ काचा, त्यावर चिकटलेली आमची नाकं. तेव्हाच कधीतरी मासा ही भिंतीवर लावायची गोष्ट आहे, असं मनात बसून गेलं असावं. मागच्या बाजूला पाणी सांभाळणारी माणसं असतात, हे प्रेक्षकाला दिसत नाही.

दुकानातल्या सल्ल्यांत सर्वांत जास्त राग मला वास्तूवाल्या सल्ल्याचा येतो. आठ सोनेरी आणि एक काळा, असे नऊ मासे घरात हवेत. ईशान्येला किंवा उत्तरेला टाकी. आमच्या एका नातेवाइकांनी नवा फ्लॅट घेतला तेव्हा दुकानदाराने त्यांना दीड फुटी टाकीत असे नऊ गोल्डफिश दिले. नऊ! दीड फुटी टाकी एकालाही धड पुरत नाही. पंधरवड्यात काळा मासा मेला. ते हळहळत दुकानात गेले, तर दुकानदाराने त्यांचं अभिनंदन केलं. घरावर काहीतरी संकट येणार होतं, ते त्याने स्वतःवर घेतलं, म्हणाला. ताबडतोब दुसरा काळा आणा, जागा रिकामी ठेवू नका. ते घरी आले ते हलक्या मनाने. पुढे मासे मरत राहिले आणि घरावरची संकटं टळत राहिली. ही समजूत त्या दुकानदाराची एकट्याची नाही, बऱ्याच घरांत मी ती ऐकली आहे, अगदी शिकलेल्या, विचार करणाऱ्या माणसांकडून. मला त्यांच्या श्रद्धेशी वाद घालायचा नाही. पण या एका वाक्याने माशाच्या मरणातून प्रश्नच काढून घेतला. मासा का मेला, हे विचारायची वाट बंद झाली. पाण्यात काय होतं, जागा किती होती, खाणं किती पडत होतं, यातलं काही बघायला नको, कारण तो मरायलाच आणला होता.

अरोवानाचंही तेच. नशीब उघडणारा म्हणून बोटभर पिल्लू विकतात. दक्षिण अमेरिकेतला हा रुपेरी मासा तीन फुटांपर्यंत जातो, आणि पाण्याबाहेर उडी मारून झाडावरचे किडे पकडणं हा त्याचा स्वभाव आहे. तो आपल्या चार फुटी टाकीत वळणार कसा, हे घेताना कुणी विचारत नाही, सांगत तर नाहीच.

काही सल्ले अर्धे खरे असतात, आणि ते निस्तरणं जास्त अवघड जातं. बेट्टा, ज्याला दुकानात फायटर म्हणतात, तो प्लॅस्टिकच्या ग्लासात घालून ओळीने मांडलेला असतो. “याला हवा लागत नाही, ग्लासात राहतो.” त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक जादा अवयव असतो, त्यामुळे तो पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेऊ शकतो. म्हणून तो ग्लासात गुदमरत नाही, हे खरं. पण अमोनिया त्यालाही जाळतोच. थायलंडकडच्या भातखाचरांत आणि दलदलीत तो उथळ पाण्यात राहतो हेही खरं, पण ते उथळ पाणी एकराएकराने पसरलेलं असतं, त्यात गवत असतं, ऊन असतं. ग्लासात जिवंत राहणं आणि ग्लासात राहणं, यातला फरक त्या माशाच्या पिसाऱ्याकडे नीट पाहिलं की कळतो. कडा कुरतडल्यासारख्या झालेल्या असतात, रंग उडालेला असतो, आणि तो तळाशी एका बाजूला टेकून असतो. “आळशी मासा आहे, असाच असतो,” हाही दुकानातलाच सल्ला.

आणि मग सकर. काचेला तोंड चिकटवून बसणारा, अंगावर खवल्यांऐवजी हाडांचं चिलखत असलेला काळपट मासा. “हा टाकी साफ करतो, याला खायला घालावं लागत नाही.” तो शेवाळ खातो, पण टाकीतल्या शेवाळाने त्याचं पोट भरत नाही, आणि तो स्वतः इतकी विष्ठा करतो की टाकी आधीपेक्षा जास्त घाण होते. बोटभराचा फूटभर होतो, त्याहून मोठाही. मग लोक पुन्हा दुकानात जातात आणि दुकान सांगतं, नदीत सोडून द्या, तळ्यात सोडा, पुण्य लागेल. तळ्यात तो मरत नाही. गढूळ, कमी प्राणवायूच्या पाण्यात तो वर येऊन हवा गिळून जगतो, काठाच्या मातीत बिळं करून अंडी घालतो, आणि त्याच्या चिलखताचे काटे जाळ्यात अडकले की जाळं फाटतं. देशातल्या कितीतरी नद्यांमध्ये आणि तलावांमध्ये तो आता पसरला आहे. पुण्यात मुळा-मुठेत सोडलेलं जे काही जगतं ते भीमेतून उजनीला जातं. उजनीच्या काठावरची मासेमारी करणारी माणसं हा मासा जाळ्यातून सोडवून फेकून देतात, त्याला कुणी विकत घेत नाही. कोथरूडच्या एखाद्या घरात टाकी स्वच्छ राहावी म्हणून दिलेला सल्ला इंदापूरच्या कुणाचं तरी जाळं फाडतो. घरातल्या दोन गोल्डफिशचं मरण घरातच राहतं, त्याचं दुःख घरापुरतं. हे मात्र वाहत जातं.

औषधांचं लिहायला बसले तर पानं पुरणार नाहीत. निळी बाटली सगळ्यावर. मासा सुस्त आहे, निळं औषध. पंख फाटले, निळं औषध. त्या मिथिलिन ब्लूने टाकीतले उपयोगी जिवाणूही मरतात, हे बाटली देताना सांगितलं जात नाही. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले की चार थेंब टाका आणि ठिपके गेले की थांबा, असं सांगतात. ठिपके गेले म्हणजे परजीवी माशावरून उतरून तळाशी गेला, तिथे एकाचे शेकडो होणार आणि ते पोहत येऊन पुन्हा माशाला चिकटणार. औषध लागू पडतं ते नेमकं या मधल्या, मोकळं पोहण्याच्या अवस्थेत. म्हणजे जेव्हा थांबायला सांगतात, तेव्हाच खरं औषध चालू हवं.

इतकं सगळं मनात घेऊन मी एका कामाच्या दिवशी दुपारी पुन्हा त्या दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं, मालक जेवायला गेले होते. तो मुलगा टाक्यांतलं पाणी नळीने खेचून बादलीत काढत होता. जव्हारकडचा. लहानपणी ओढ्यात दगडांखाली हात घालून मासे धरायचा, म्हणाला. हाताची सफाई तिथलीच. त्याला नुसत्या पोहण्यावरून आजारी मासा ओळखता येतो, आणि जाळीत एकही खवला न दुखवता तो मासा उचलतो. मी त्याला भांड्याचं विचारलं. त्याने थोडा विचार केला. “ताई, आमच्याकडे तर तो मोठा झालेला कधी दिसलाच नाही. येतो एवढा, जातो एवढा.” त्याने दोन बोटांत अंतर दाखवलं.

तेव्हा मला ते उलगडलं. दुकान माशाला फक्त काही दिवस ओळखतं. चेन्नईच्या कोळत्तूरहून किंवा कोलकात्याहून प्राणवायू भरलेल्या पिशव्या थर्मोकोलच्या खोक्यांतून येतात. प्रवासात पाणी खराब होऊ नये म्हणून माशांना आधी उपाशी ठेवलेलं असतं. दुकानातही बेताचंच खायला घालतात. एका टाकीत शंभर मासे, पण रोज पाणी बदलणारा माणूस हजर, बुडबुडे रात्रंदिवस चालू, आणि आठवड्यात माल संपतो. त्या आठवड्यापुरतं दुकानाचं प्रत्येक वाक्य खरं आहे. मासा वाढत नाही, खरं. फिल्टरचं फारसं काही दिसत नाही, खरं. पाणी बदललं की ठीक असतो, खरं. मुलगा जे रोज डोळ्यांनी बघतो तेच सांगतो. दुकानाचे काही सल्ले अगदी बिनचूक असतात, तेही आठवून बघा. पिशवी आधी पाण्यावर तरंगत ठेवा म्हणजे तापमान जुळेल, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवायला अँटिक्लोरीन टाका. दोन्ही बरोबर, आणि दोन्ही पहिल्या तासाबद्दलचे. महिन्याने काय होतं हे बघायला दुकान कुणाच्या घरी जात नाही. मेलेला मासा घेऊन तक्रार करायला कुणी येत नाही. येतात ते दुसरा मासा घ्यायला, आणि दुकानात ते नेहमीचं गिऱ्हाईक म्हणून ओळखले जातात.

मी त्याला जिवाणूंचं सांगितलं, मासे न सोडता, नुसतं चिमूटभर खाद्य टाकत महिनाभर टाकी चालवण्याचं सांगितलं. तो लक्ष देऊन ऐकत होता, मधे दोन प्रश्नही नेमके विचारले त्याने. मग म्हणाला, “हे मी सांगितलं तर लोक समोरच्या दुकानात जातील. तिथे लगेच देतात.” यावर माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. पगार त्याचा किती असेल, आणि मालकासमोर गिऱ्हाईक परत पाठवायची हिंमत त्याने कुठून आणायची? माझा राग त्या मुलावरून केव्हाच उतरला होता. मालकावरही पूर्ण टिकत नव्हता. तीस-चाळीस रुपयांचा जीव आहे. तो मेला तर डॉक्टर नाही, पंचनामा नाही, शेजारी विचारत नाहीत. इतक्या स्वस्त जिवाबद्दल खरं बोलायला कुणाला काय मिळतं?

कायद्याने काही होईल असं काही काळ वाटलं होतं. केंद्र सरकारने मे २०१७ मध्ये मत्स्यालयांसाठी आणि माशांच्या दुकानांसाठी नियम आणले होते. कृत्रिम रंग दिलेले मासे नकोत, माशांचा वैद्य हवा, असं बरंच काही त्यात होतं. व्यापाऱ्यांचा विरोध झाला आणि नियम मागे घेतले गेले. त्यातले काही अव्यवहार्य होते हेही मान्य. इटलीत मोंझा शहराने २००४ साली गोल भांड्यात मासे ठेवायला बंदी केली, पुढच्या वर्षी रोमने केली. आपल्याकडे नगरपालिकेला खड्ड्यांतून वेळ मिळाल्यावर कधीतरी होईल म्हणून वाट बघण्यात मला अर्थ दिसत नाही. दुकानाच्या काउंटरवर काय बोललं जातं, ते बदलायला हवं, आणि ते बदलू शकतं. ठाण्यात एक वयस्कर दुकानदार होते, आता दुकान बंद झालं. मासा मागितला की ते आधी विचारायचे, “टाकी कधी लावलीत?” कालच लावली म्हटलं की मासा द्यायचे नाहीत. गिऱ्हाईक रागावून जायचं. पण जे महिन्याने परत यायचे ते वर्षानुवर्षं यायचे, खाद्य, दिवे, वनस्पती सगळं तिथूनच न्यायचे. गरीब होऊन नाही बंद झालं ते दुकान, मुलगा परदेशी गेला म्हणून झालं.

मालक जेवून आले तेव्हा मी त्यांना एक सुचवलं. दुकानातल्या प्रत्येक टाकीत स्पंज फिल्टर आहे, वर्षानुवर्षं चाललेला, जिवाणूंनी भरलेला. नव्या टाकीला जे तयार करायला महिना लागतो ते त्यांच्याकडे ढिगाने पडलं आहे, आणि ते नळाखाली पिळून टाकून देतात. नवी टाकी विकताना त्या जुन्या स्पंजाचा एक तुकडा टाकीच्याच पाण्यात, पिशवीत घालून गिऱ्हाइकाला द्यायचा, नव्या फिल्टरजवळ ठेवायला सांगायचा. तेवढ्याने पहिला महिना बराच सोपा होतो. अट एवढीच, की ज्या टाकीत आजार नाही तिथलाच तुकडा द्यायचा, आणि ते ओळखायला त्यांच्या पोराइतका तयार माणूस दुसरा नाही. आणि भांड्यात गोल्डफिश देऊ नका, दोन फुटी टाकी देता येते तिथे भांडं का विकता, तुमचाही त्यात फायदाच आहे. मुलगा बादली खाली ठेवून ऐकत होता. मालकांनी एका फिल्टरचा स्पंज हातात घेऊन दाबून पाहिला. त्यातून तपकिरी गाळ निघाला, तो त्यांनी बोटावर घेतला.

“हे लोक घेतील?” त्यांनी विचारलं. “घाण आहे म्हणतील.”

मी म्हटलं, तुम्ही सांगितलं तर घेतील. तुम्ही जे सांगता ते सगळं घेतात.

“याचे किती लावायचे?”

पन्नास लावा, मी म्हटलं, शंभर लावा, पण द्या.